सोबतच्या बाईने तीन ग्लास पाणी प्यावे

किस्से कुठे साठतात असं विचारलं तर कोणी म्हणेल कचेरीत, कोणी म्हणेल न्हाव्याच्या दुकानात. माझ्या मते ते सोनोग्राफीच्या बाकावर साठतात. कारण सरळ आहे. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात तांब्या-दोन तांबे पाणी असतं, नंबर लागलेला नसतो आणि उठायची सोय नसते. अशा वेळी माणूस एक तर देवाचं नाव घेतो, नाही तर शेजारच्याला सगळं खरं सांगून मोकळा होतो.

धुळ्याच्या अशाच एका दवाखान्यात मी बरीच वर्षं काढली. नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. नंबर लावणं, पाणी पाजणं आणि डॉक्टर सांगतील तो रिपोर्ट टाईप करणं ही माझी कामं. मी मूळचा भुसावळचा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत थोडी भर घालून सांगायची सवय आहे. आज कमी घालतो.

*

मशीन नवंनवं आलं तेव्हा एक आबा आले, शिंदखेड्याकडचे. पोट दुखत होतं. डॉक्टरांनी पोटावर ती गारेगार जेली लावली, मशीन फिरवलं, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मी पुसायला कापड दिलं, तर आबांनी कापड बाजूला ठेवलं, सदरा खाली ओढला आणि तसेच चालते झाले.

आठ दिवसांनी परत हजर. चेहरा फुललेला. म्हणाले, लेप फार गुणाचा निघाला, दुखणं निम्म्यावर आलं. आता एक हात आणखी द्या.

डॉक्टर त्यांना समजावायला गेले की ते औषध नव्हे, नुसतं मशीनसाठी असतं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या गुरुवारी ते म्हाताऱ्या बायकोलाही घेऊन आले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हिच्या गुडघ्याला लावून द्या. फोटो नको."

*

मशीन आल्यापासून एक नवीनच भानगड सुरू झाली. लोक यायचे मुतखड्यासाठी आणि सापडायची यकृतातली गाठ. माणसाला दुखत नाही, खुपत नाही, आयुष्यभर तिचा पत्ता नसतो, आणि एकदम पडद्यावर गोल डाग! 'गाठ' म्हटलं की घरात रडारड. मग डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसत आणि सांगत की यकृतातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. काही नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता असतात. त्या तिथेच राहतात, कुठे पसरत नाहीत.

एका हायस्कूलच्या सरांना अशी गाठ निघाली. गणित शिकवायचे. पंधरा दिवस त्यांना झोप नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरू नका, वर्षातून एकदा येऊन मोजून जा. तेव्हापासून दरवर्षी शाळेचा निकाल लागला की सर येत. गाठ तेवढीच. मिलिमीटरचा फरक नाही.

चौथ्या वर्षी त्यांनी रिपोर्ट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा त्याच वर्गात. माझ्या उभ्या नोकरीत इतकं स्थिर पोरगं पाहिलं नाही." आणि आम्हाला पेढे दिले.

*

पण सगळ्याच गाठी इतक्या शहाण्या नसत.

दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातून कमल आली. तिशीची असेल. सावळी, हसरी, एका मुलीची आई. उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणाली. सोबत सासरे आणि सासू. सासऱ्यांना नाना म्हणत, गावात वजन असलेला माणूस, खुर्चीवर बसले तरी काठी उभीच. सासूला घरात आणि गावात सगळे अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायला लागलो. बुटकी, नऊवारी, आवाज मात्र एस.टी. स्टँडवर ऐकू जाईल असा.

पडद्यावर गाठ दिसली. मोठ्या लिंबाएवढी, आणि सरांच्या गाठीसारखी दिसत नव्हती. डॉक्टर बराच वेळ मशीन फिरवत राहिले. ते गप्प झाले की मी समजून जायचो.

डॉक्टरांना परदेशी मासिकं वाचायचा नाद होता. बायका वर्षानुवर्षं ज्या पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतात, त्यांचा आणि यकृतातल्या एका जातीच्या गाठीचा संबंध असू शकतो, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. ते नेहमी 'असू शकतो' एवढंच म्हणत. लाखो बायका गोळ्या घेतात, त्यांतल्या फार थोड्यांना असं होतं, म्हणून गोळ्यांची भीती घालू नका, असं मला चारदा बजावलेलं. पण ज्या बाईला गाठ निघाली तिला विचारायलाच हवं. ती गोळ्या घेत असेल तर त्या बंद करून वाट बघता येते, कधी कधी गाठ आपोआप लहान होते. घेत नसेल तर मग दुसराच संशय, आणि पोट उघडून बघायचा विचार. शिवाय ही गाठ आत फुटली तर रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणजे त्या एका उत्तरावर सगळं अडलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कमलताई, कसल्या गोळ्या चालू आहेत का? बाळ लांबवायच्या वगैरे?"

कमलने तोंड उघडायच्या आत अक्काचा आवाज आला. "नही हो डाक्टरसाहेब! आम्ही नातूसाठे नवस करी राहिनूत अन् गोळ्या कसाले?"

नानांनी काठी आपटून मान डोलावली. आठ वर्षं झाली, म्हणाले, पोरीनंतर काहीच नाही. कमल जमिनीकडे बघत होती.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. ती मंडळी गेल्यावर मला म्हणाले, "ती खरं बोलली नाही."

मी म्हटलं, साहेब, ती बोललीच नाही.

*

मग माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे कोणतीच बाई कसल्याच गोळ्या घेत नाही. मी जुने कागद चाळले. गाठवाल्या ज्या-ज्या बायकांना डॉक्टरांनी विचारलं होतं, त्यांच्यापुढे माझ्याच हाताने टाईप केलेलं 'नाही'. आणि उत्तर देणारं कोण? सासू. नाही तर नणंद. एकीच्या बाबतीत तर नवरा म्हणाला होता, ती नाही घेत, मी तिला विचारलंय.

त्याच आठवड्यात खेड्यापाड्यांत फिरणारी एक नर्सबाई पेशंट घेऊन आली होती. सरकारी गोळ्यांची पाकिटं खपतात का, असं डॉक्टरांनी तिला विचारलं. पुरत नाहीत, असं ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "घेत कोणी नाही आणि पुरत नाहीत. काय शेळ्या खातात का?"

*

पुरुषांना बाहेर ठेवणं सोपं होतं. 'आत फक्त बायका' म्हटलं की झालं. सासूचं काय करायचं? तिला बाहेर बसा म्हटलं तर ती आणखी आत सरकते.

विचार करता करता माझी नजर पाण्याच्या माठावर गेली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर पाटी लावली. लाल अक्षरात. 'सोबतच्या बाईने तीन ग्लास पाणी प्यावे.' कोणी कारण विचारलं तर मी गंभीर चेहऱ्याने सांगायचो की आत मशीनच्या लहरी सुटतात, जवळ उभ्या असलेल्या माणसाचं पोट रिकामं असेल तर चित्र हलतं. मी हे इतकं ठासून सांगायचो की दोन महिन्यांनी मीसुद्धा आत जाताना घोटभर पाणी प्यायला लागलो.

आमचा संडास इमारतीच्या मागे, बोळाच्या टोकाला. किल्ली कोणी घरी नेऊ नये म्हणून तिला लाकडी चाटू बांधलेला. तीन ग्लास पोटात गेले की सासू दहा मिनिटांत चाटू मागायची. बोळ ओलांडून जायला-यायला पाच मिनिटं, कडी नीट लागत नसे त्याची दोन मिनिटं. डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला एवढा वेळ पुष्कळ होता.

पहिल्याच आठवड्यात दोन बायकांनी 'हो' म्हटलं. डॉक्टरांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले, हे शास्त्र नव्हे म्हणाले. मी म्हटलं बरं, पाटी काढतो.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "आजचा दिवस राहू दे." पाटी पुढे अकरा वर्षं राहिली.

*

हा मधला किस्सा जळगावचा. तिथल्या एका दवाखान्यात माझ्यासारखंच काम करणारा माझा दोस्त होता. एकदा धुळ्याला आला, पाटी वाचली, कारण न विचारता गेला. पुढे मी कामासाठी जळगावला गेलो तेव्हा त्याच्या भिंतीवर तीच पाटी! वर त्याने एक ग्लास वाढवून चार केले होते.

मी विचारलं, का रे, कशासाठी? तो म्हणाला, तुमच्याकडे आहे ना, म्हणजे काही तरी कारण असेलच. आमच्या साहेबांनी पण पाटी वाचली. त्यांना वाटलं मशीनच्या कंपनीनेच सांगितलंय.

मी खरं कारण सांगितलं नाही. फक्त विचारलं, काही फरक पडला का?

"पडला ना," तो म्हणाला. "आमच्याकडच्या सुना हल्ली फार बोलतात."

*

डॉक्टरांनी बोलावल्याप्रमाणे आठ दिवसांनी कमल आली. नानांना मी बाहेर चहाच्या टपरीवर बसवलं. अक्काला पाटी वाचून दाखवली. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, तिन्ही ग्लास तांब्यात भरून घेतले आणि म्हणाली, बाकावर बसून हळूहळू पिते. थोड्या वेळाने चाटू घेऊन गेली.

दार बंद झालं आणि डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

कमल रडायला लागली. रडत रडत सगळं सांगितलं. पोरगी झाली तेव्हा तीन दिवस अडली होती. रक्त इतकं गेलं की मसणात न्यायची असल्यासारखी लोकं तिचं तोंड बघून गेली. तेव्हापासून तिच्या मनात भीती बसली ती बसली. गावात फिरतीवर येणाऱ्या नर्सबाईने एकदा कानात सांगितलं, गोळ्या घे, दर महिन्याला बिबड्यांच्या डब्यात पाकीट सापडेल, कोणाला विचारू नको. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे पापड करतात त्यांना बिबडे म्हणतात, त्यांचा मोठा डबा माळ्यावर असतो. तेव्हापासून दर महिन्याला डब्यात पाकीट. नर्सबाई चहाला येते तेव्हा ठेवून जात असणार. नवऱ्याला माहीत होतं. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, मवाळ माणूस. पण नानांना कळलं तर ते तिला माहेरी पाठवतील आणि पोराचं दुसरं लग्न लावतील. तसं त्यांनी दोनदा बोलून दाखवलेलं.

"आणि अक्काला कळलं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

कमलने डोळे पुसले. म्हणाली, "अक्का मला अंगाऱ्यासाठी सात गावं फिरवून आणते, डॉक्टरसाहेब. तिला कळलं तर ती मरेल."

डॉक्टरांनी तिला समजावलं. गोळ्या आजपासून बंद. या गाठीचं गोळ्यांशी नातं असेलच असं नाही, पण असू शकतं. रक्ताचे रिपोर्ट चांगले आलेत, म्हणून थांबून बघू. पण दिवस राहता कामा नयेत, तेवढ्या काळात गाठ वाढू शकते, फुटू शकते. नवऱ्याला पाठव, त्याच्याशी मी बोलतो. पोटात एकदम कळ आली, चक्कर आली तर जीप करून सरळ धुळ्याला ये.

सगळं सांगून होईपर्यंत बोळातून चाटूचा आवाज आला आणि कमलने पदराने तोंड पुसलं.

*

आता नानांना सांगणं आलं. डॉक्टरांनी गोळ्यांचा शब्द काढला नाही. तेवढंच सांगितलं की गाठ आहे, वर्षभर मूल होता कामा नये, झालं तर सून जाईल. मधल्या दिवसांत डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मंडळी जळगावच्या एका सर्जनलाही दाखवून आली होती, त्यांचंही मत थांबू या असंच पडलं.

नाना संतापले. वर्षभर म्हणजे काय, आठ वर्षं गेली, माझं वय बघा, म्हणाले. काठी दोनदा आपटली. मला वाटलं, आता अक्का त्यांची री ओढणार आणि सगळं मुसळ केरात.

अक्का बाकावरून उठली. त्या एस.टी. स्टँडच्या आवाजात नव्हे, अगदी हळू म्हणाली, "सून ऱ्हायनी तं नातू."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग काठी उचलून बाहेर गेले. मी त्या दिवशी रिपोर्टात तीन चुका केल्या.

*

तीन महिन्यांनी गाठ होती तेवढीच होती. सहा महिन्यांनी थोडी कमी. कमी म्हणजे मोठ्या लिंबाचं साधं लिंबू. डॉक्टर दोनदा मोजून मला म्हणाले, तिसऱ्यांदा तू मोज. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी मोजली.

प्रत्येक खेपेला अक्का बिबडे घेऊन यायची. माझ्यासाठी वेगळी पुडी. स्वतः केलेले, माळ्यावरच्या डब्यातले, पातळ, तळले की पंख्याच्या वाऱ्याने उडतील असे. आणि प्रत्येक खेपेला न कुरकुरता तांब्या भरून घ्यायची, चाटू घ्यायची, बोळात जायची. पाणी प्यायला एवढी तयार सासू मी दुसरी पाहिली नाही. मी डॉक्टरांना म्हणायचोसुद्धा, बघा, आपली युक्ती कुठवर चालते!

एक सांगायचं राहिलं. त्या बोळात फुटक्या बादलीत मी एक मोगरा लावला होता. धुळ्याचा उन्हाळा, माझा आळस, दोन वर्षं तो नुसती काडी होता. पाटी लावली त्या वर्षी तो असा काही फुलला की शेजारचे लोक माती कुठली म्हणून विचारायला आले. मी सांगितलं, तापीकाठची. चक्क थाप.

*

वर्ष झालं आणि कमल तपासायला आली. आत डॉक्टर मशीन फिरवत होते. मध्येच मला हाक मारून दाखवलं. गाठ बोराएवढी राहिली होती. कमल पडल्या पडल्या हसत होती, आणि डॉक्टर पहिल्यांदाच तिला म्हणाले की आता हिची काळजी सोड, वर्षातून एकदा येत जा.

रिपोर्टचा कागद संपला होता. कागदांचा गठ्ठा मागच्या खोलीत, म्हणून मी बोळातून गेलो.

अक्का पायरीवर बसली होती. चाटू मांडीवर. तांब्या हातात, आणि त्यातलं पाणी ती सावकाश, बुंध्याशी गोल फिरवत, माझ्या मोगऱ्याला घालत होती.

मी तिथेच थांबलो. तिने मान वर केली. दचकली वगैरे अजिबात नाही.

"बठ्ठ्याच वततस अठे," ती म्हणाली. "तुले काय वाटनं भाऊ, इतलं पानी कोन्ही पेस का?"

म्हणजे सगळ्याच सासवा इथे ओततात! मी मोगऱ्याकडे बघितलं. तिने तांब्या उपडा करून शेवटचे थेंब झटकले.

"गाठ खरंच कमी व्हयनी का? खोटं सांगू नको."

मी म्हटलं, अक्का, बोराएवढी राहिली. डॉक्टर म्हणाले, काळजी सोडा.

तिने मोगऱ्याची दोन वाळकी पानं तोडली. ती बोटांत चुरत बसली. मग कमरेची पिशवी सोडली, आतून रुमालाची गाठोडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी उघडून बघितलं. गोळ्यांची दोन पाकिटं, न फोडलेली. कडांना बिबड्यांचा चुरा चिकटलेला.

"तुमनाकडे येस ना ती नर्सबाई, तिले परत दी दे," अक्का म्हणाली. "आते ह्या नको आमले."

तेवढ्यात आतलं दार वाजलं. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला, रिकामा तांब्या उचलला. आणि आत शिरता शिरता, टपरीवर बसलेल्या नानांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"व माय! कितलं पानी पाजतस ह्या लोके!"